गमबूट वाडीबाहेर

साप कुठे सापडेल हे मला विचारा. आमच्या माकुणसारात तर विचारतातच, पण उमरोळीहून फोन येतात, केळव्याहून येतात, आणि बोईसरला कंपन्यांच्या मागे खोल्या घेऊन राहणारी परप्रांतीय मुलंही कुठून तरी माझा नंबर मिळवतात. "आंटी, साँप आया है, क्या करें?" काय करें म्हणजे? आधी खोलीमागचा तो उकिरडा उचला! शिळा भात खिडकीतून फेकता, त्यावर उंदीर येतात, उंदरांच्या मागे नाग येतो. तो काही तुमच्याकडे जेवायला आलेला नाही. असं माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्यांना झाडते. मी साप पकडत नाही, पकडणारे वेगळे. मी फक्त सांगते, आणि सांगायला लागले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वाडी माझ्याच अंगावर आहे, कारण मालक तारापूरला नोकरीला. तीस वर्षांत वाडीनेच मला सगळं शिकवलं. झावळ्यांचा ढीग हाताने उचलायचा नाही, आधी काठीने हलवायचा. मोटारीच्या खोलीत शिरताना दारावर दोनदा आपटायचं. मण्यार घरात येते, पाल-उंदरांच्या वासावर, म्हणून खाली अंथरूण टाकू नका, खाट नसेल तर मच्छरदाणी तरी चारी बाजूंनी खोचा. फुरसं डोंगराकडे, दगडाखाली आणि वाळल्या गवतात. विहिरीतल्या दिवडाला आणि बांधावरच्या धामणीला उगाच मारू नका, त्यांच्यात विष नाही. वेलीवरचा हिरवा हरणटोळ माणसाची टाळू फोडतो म्हणतात, डोंबल फोडतो! बिचारा सरडे खाऊन जगतो. आणि साप डूख धरत नाही, हे तर मी इतक्यांदा सांगितलंय की मुलं मला बघितल्यावर आधीच म्हणतात, "डूख धरत नाय, म्हायताय."

सगळ्यात वाईट घोणस. जाड, आळशी, पाठीवर साखळीसारखे ठिपके, आणि सुकल्या पाल्यात पडली की दिसतच नाही. कुकरची वाफ सुटावी तशी फुसफुसते, ती ऐकू आली तर नशीब. भात कापायच्या दिवसांत तिचं फार होतं. दरवर्षी गणपती गेले की मी डोंगराकडच्या पाड्यावर जायची, माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायांना ओट्यावर बसवायची आणि सांगायची, कापणीला अनवाणी उतरू नका गे, गमबूट घाला. फाटके असले तरी चालतील, पण घाला. बाया हसायच्या. काही घालायच्या, काही नाही. मी मात्र सांगून आले की मोठं काम केल्यासारखी चहा पीत बसायची.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. कारण माझ्या घरामागे पानवाडी होती, आणि पानवाडीत चपला चालत नाहीत.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. विड्याच्या पानांची वेल फार नाजूक, शिवाय देवाच्या कामाची. पानवाडीत शिरताना चपला फाटकाबाहेर काढायच्या, देवळात काढतो तशा. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी दोन नियम सांगितले होते. एक हा. दुसरा, बाईने महिन्याचे चार दिवस वाडीत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल करपते. दुसरा नियम मी सासूबाई गेल्यावर वर्षभरात मोडला. पानं खुडायला बाया मिळेनात, त्यात प्रत्येकीचे चार दिवस कुठून सोडणार? वेल काही करपली नाही. मोठी सुधारक झाल्यासारखी मी ते चारचौघींत सांगायची. पहिला नियम मात्र तसाच ठेवला. मी वाडीत जायची ती घटकाभर, फिरून यायला. दिवसभर पाय त्या ओल्या पाल्यात असायचे ते खुडणाऱ्यांचे. मला ज्याची अडचण होती तो नियम मी मोडला, त्यांना ज्याची अडचण होती तो पाळला. हे आज कळतंय. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याचीच हजेरी घेतली असती.

माझ्याकडे खुडायला चार बाया यायच्या, आणि त्यांतली एक अगदी सुरुवातीपासूनची. माझ्याच वयाची, दोन वर्षं पुढेमागे. मी तिला माझी म्हणायची, म्हणजे "माझी आली का?" असं. पाड्यावरून चालत यायची, डोक्यावर टोपली, तोंडात मिसरी. पानाचा देठ नखाने असा खुडायची की वेलीला कळायचंही नाही. मी तिच्यावर ओरडायची आणि ती मला चिडवायची, हे आमचं रोजचं. मी म्हणायची, "उशीर झाला गे तुला." ती म्हणायची, "वयनी, तुमी सूर्याला पण उशीर झाला म्हनाल." माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने माझी न्हाणी राखली, आणि तिच्या मुलीच्या लग्नात मी पाड्यावर तीन दिवस राहिले. मालकीण आणि कामवाली असंच असलं तरी माझं तिच्यावाचून चालत नव्हतं, आणि हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी तिच्या टाचा फार फुटल्या होत्या. बोट जाईल अशा भेगा. पानवाडीला पाटाचं पाणी रोजचं, खाली चिखल आणि त्यावर कुजलेला पाला, ते सगळं भेगांत शिरायचं. तिची मुलगी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिथले टाकून दिलेले गमबूट तिने आईसाठी आणले. पिवळे होते, एकाला वरून चीर गेलेली. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी माझी ते घालून फाटकात उभी राहिली, लहान मुलीसारखी पाय पुढे करून.

"वयनी, बगा तरी. पोरीनं आनले."

"छान आहेत," मी म्हटलं. "काढ आता."

"आजच्या दिस राहू द्या ना. पाय लय झोंबतात."

मला राग आला. का आला ते आज नीट सांगता येत नाही. सकाळपासून मोटार चालत नव्हती, करंड्या भरून सफाळ्याच्या गाडीला घालायच्या होत्या, आणि बाकीच्या तिघी मी काय म्हणते ते बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "तीस वर्षं कधी चपला गेल्या नाहीत या वाडीत, आणि तू बूट घालून जाणार? राखणदार बसलाय आत. तो बघून घेईल हां तुला!"

राखणदार म्हणजे वाडी राखणारा जुना साप. आमच्याकडे प्रत्येक वाडीला एक असतो असं म्हणतात. दिसतो कोणाला? कोणालाच नाही. मी, जी गावभर सांगत फिरते की साप डूख धरत नाही, सापाला माणूस ओळखू येत नाही, ती मी हे बोलले. तोंडात आलं आणि बोलले. माझा काही विश्वास नव्हता त्यावर. पण तिचा होता, आणि ते मला माहीत होतं, म्हणून तर तेच शब्द तोंडात आले.

तिने बूट काढले, फाटकाशेजारी दोन काठ्या रोवल्या आणि त्यांवर उलटे अडकवले. उभा ठेवलेला बूट म्हणजे विंचूकाट्याला घर, म्हणून बूट नेहमी उलटा टांगायचा, हे मीच तिला शिकवलेलं. मग ती भेगाळलेल्या पायांनी आत गेली. रोज हेच चाललं. पाड्यावरून बूट घालून यायची, फाटकाशी टांगायची, अनवाणी खुडायची, जाताना परत घालायची. मी बघत होते. एकदाही म्हटलं नाही की राहू दे.

दिवाळीला आठवडा असताना माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, चिंचणीला. मी सकाळीच गेले आणि उन्हं उतरल्यावर आले. करंड्या नीट भरून ठेवलेल्या होत्या, बाया निघून गेल्या होत्या. सगळं जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या आणि आत शिरल्या. मी ओटीवर पानं धुऊन लावत बसले होते. दहाच्या सुमारास मी चहा घेऊन वाडीत गेले. माझी सातव्या ओळीत होती. माझ्याकडे पाठ करून खुडत होती, पण हात हळू चालले होते, आणि ती एका पायावर भार देऊन उभी होती. मी विचारलं, "काय गे, पायाला काय झालं?"

"काय नाय. काटा लागला."

पानवाडीत काटा कुठून येणार? मी खाली बघितलं. घोट्यापासून पाय सुजून पोटरीपर्यंत चढला होता, कातडं ताणून चकचकीत झालेलं, आणि घोट्याजवळ दोन भोकं, त्यांतून रक्त अजून येतच होतं. बारीक धार, थांबत नव्हती. तिने पदर फाडून बांधला होता, तोही भिजला होता. तिने मान वर केली तर हिरड्यांतूनही रक्त. मिसरीचं नव्हे. मला मिसरीचा रंग माहीत आहे.

माझ्या हातातला चहा पडला. मी ओरडले, "कधी चावलं? कधी?"

बाकीच्या धावत आल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पयल्या ओळीत."

पहिली ओळ! पहिली ओळ खुडतात तेव्हा ऊन सुपारीच्या शेंड्यावर असतं. त्यानंतर ती सहा ओळी खुडत आली होती, वाकून, त्या पायावर. जवळजवळ दोन तास. जिथे एकेक मिनिट मोलाचं म्हणून मी गावाला शिकवते, तिथे माझ्याच वाडीत, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन तास.

मी तिच्या पायावरची पदराची गाठ सोडली, तिला चालू दिलं नाही. आम्ही चौघींनी तिला उचलून रस्त्यावर आणलं आणि रिक्षात घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत मी सारखी बोलत होते, रडत होते आणि शिव्याही देत होते. "अगं मेले, सांगायचं नाही होय? मी ओटीवर बसले होते ना! हाक मारता येत नव्हती?"

तेव्हा तिने माझा हात धरला. म्हणाली, "वयनी, रागवू नका. काल तुमी चिंचणीला गेलत्या ना... मी बूट घालून आत गेलते."

मला आधी कळेचना ती काय सांगतेय.

"दिसभर घातले. लय बरं वाटलं पायाला," ती म्हणाली. "मंग आज त्यानं मला पयल्याच ओळीत धरलं. तुमाला काय तोंडानं सांगू? तुमी बोललाच व्हता."

रिक्षा चालत होती. उजव्या बाजूला भातं कापून पडली होती. मी तिला म्हणायला हवं होतं की अगं, ते खोटं होतं, मी रागात बोलले, असा कोणी राखणदार नसतो, घोणस होती, पाल्यात पडलेली, तिच्या अंगावर पाय पडला, बूट असते तर दात आत गेलेच नसते. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण ते म्हणायचं म्हणजे तिला सांगायचं, की तू उगाच दोन तास गप्प राहिलीस, आणि ते माझ्यामुळे. मी म्हटलं, "गप गं, बोलू नकोस, दमशील." आयुष्यभर बडबड केली, आणि जिथे बोलायचं तिथे तिलाच गप्प बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. आल्या आल्या सुया लावल्या. काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, वीस मिनिटं झाली तरी ते पाण्यासारखंच हलत होतं, गोठेना. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "इतका उशीर का झाला?" मी म्हटलं, "कळलंच नाही." हे मी खोटं सांगितलं, आणि तिची मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती.

संध्याकाळी तिला पुढे मोठ्या इस्पितळात हलवलं. रक्त सावरलं. दोन दिवस मला वाटलं, सुटलो. मी देवापुढे कानाला खडा लावला, वाडीच मोडून टाकते म्हटलं. मग तिची लघवी बंद झाली. किडन्या गेल्या होत्या. यंत्रावर घेतलं, एक दिवसाआड. तोंड सुजून तिचं राहिलं नव्हतं. एकदा शुद्धीत होती तेव्हा मला म्हणाली, "पानं जून होतील वयनी. तुमी इथं काय बसल्या?" एवढंच. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला पाड्यावर आणलं तेव्हा मीही गेले. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. उलट एका म्हाताऱ्या बाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमी लय केलं. तिनंच चूक केली." मी पाणी प्यायले. त्या वेळी मला वाटलं ही उशीर केल्याचं म्हणतेय.

महिनाभर वाडीला हात लावला नाही. पानं पिवळी पडून गळली. मग मी पालघरला जाऊन पाच जोड गमबूट आणले, नवे, गुडघ्यापर्यंतचे. बायांना बोलावणं पाठवलं. त्या तिघी आल्या, बरोबर पाड्यावरची आणखी एक आली, आणि जी गेली तिची मुलगी आली. मुलीने कंपनीचं काम सोडलं होतं. मी फाटकात उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून अनवाणी कोणी आत जायचं नाही. नियम मोडला. ही माझी वाडी, मी सांगते."

बायांनी बूट हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. कोणी घालेना.

"घाला गे," मी म्हटलं.

एक जण म्हणाली, "नको वयनी. आमची पोरं बारकी हायत."

तेव्हा मला त्या म्हातारीच्या बोलण्याचा अर्थ कळला. पाड्यावर सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती. तीस वर्षं ती अनवाणी गेली, तिला काही झालं नाही. एक दिवस बूट घालून गेली, आणि दुसऱ्या दिवशी राखणदाराने तिला धरली. यात खोटं काय होतं? दिवस तेच, बूट तेच. वर मालकिणीने आधी बजावलेलं, आणि ते ऐकायला तिघी साक्षीदार.

मी त्यांना समजावलं. इतकं समजावलं की घसा बसला. घोणस म्हणजे काय, पाल्यात का पडते, बेडूक-उंदरांसाठी कशी येते. मी खोटं बोलले होते, तेही सांगितलं. सगळ्यांसमोर, तिच्या मुलीसमोर, हात जोडून सांगितलं की राखणदार वगैरे काही नाही, मी रागाच्या भरात बोलले, माझ्या बोलण्याने तुझी आई गेली. मला वाटलं ती मला मारेल, नाहीतर थुंकेल तरी. तिने माझे जोडलेले हात खाली केले.

"असं म्हनू नका वयनी," ती म्हणाली. "त्याला नाय म्हनू नका. तो ऐकतोय. आता मी जाते ना आत."

मग मी स्वतः बूट घातले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वाडीत शिरले. एक दिवस नाही, रोज. सगळ्या ओळी फिरले, पाल्यात पाय आपटले. म्हटलं, बघा, मला काही होतंय का? त्या बघत होत्या. आठवडाभराने मी विचारलं, पटलं का आता? तर त्या हसल्या, माझी हसायची तशाच. म्हणाल्या, "तुमाला कसं व्हईल? तुमी मालकीन. राखनदार घरच्या मानसाला कशाला धरील?"

वाडी मोडायची म्हटलं तर त्याच म्हणतात, मग आम्ही खायचं काय, विटभट्टीवर जायचं का? मी पाला रोज झाडून घेते, झावळ्यांचा ढीग लांब हलवला, रोज सकाळी काठी आपटत पुढे जाते. तरी पाणी आहे, बेडूक आहेत, सावली आहे. घोणशीला आणखी काय लागतं? गेल्या पावसाळ्यानंतर दोनदा दिसली.

नवे बूट मात्र वाया गेले नाहीत. बाया ते पाड्यावरून घालून येतात. "वाटंत साप असतो ना वयनी," म्हणतात, "तुमीच सांगता." फाटकाशी आल्या की काढतात, आणि काठ्यांवर उलटे टांगतात, मी शिकवलं तसे. पहिल्या दोन काठ्यांवर ते पिवळे असतात. तिची मुलगी आता तेच घालते. मग मी काठी घेऊन पुढे होते, माझ्या पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, आणि मागून पाच जणी अनवाणी येतात.